किड्यांना क्रमांक मिळाले, नावांचे काय?

आफ्रिकेच्या पूर्व टोकाला जिबुती नावाचा एक छोटा देश आहे. २०१२ साली तिथे मलेरियाचे खात्रीने निदान झालेले रुग्ण होते २७. २०२० साली हा आकडा ७३ हजारांच्या पुढे गेला. मलेरिया वाढण्याची कारणे नेहमीच अनेक असतात, पण जिबुतीच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेपासून सगळेजण एका डासाकडे बोट दाखवतात. त्याचे नाव ॲनॉफिलिस स्टीफन्साय. २०१२ साली तो तिथे पहिल्यांदा आढळला.

हा डास मूळचा आफ्रिकेचा नाही. तो आपल्याकडचा, म्हणजे भारतीय उपखंड, इराण, अरबस्तान या पट्ट्यातला. आफ्रिकेतले मलेरियाचे जुने डास प्रामुख्याने खेड्यापाड्यातले, पावसाच्या डबक्यांवर जगणारे. स्टीफन्साय शहरी आहे. छतावरची टाकी, हौद, विहीर, बांधकामावर साठवलेले पाणी त्याला पुरते. त्यामुळे पाऊस संपला तरी त्याचे काम थांबत नाही. अशा डासाने आफ्रिकेतल्या वाढत्या शहरांत पाय रोवले तर काय होईल, या काळजीने तिथली आरोग्य खाती आज हैराण आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. २०१६ साली हाच डास इथिओपियाच्या सोमाली प्रांतात, केब्री देहार या गावात सापडला. तो ओळखला कसा? आफ्रिकेतले ॲनॉफिलिस डास ओळखण्यासाठी तोवर जो तक्ता वापरला जात होता, तो १९८७ सालचा. त्यात स्टीफन्साय नव्हताच, कारण तेव्हा तो आफ्रिकेत नव्हता. तक्त्यात जे नाव नाही ते तक्ता सांगणार कसा? संशोधकांनी डासाचा डीएनए काढला, त्यातले दोन छोटे तुकडे वाचले आणि जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिले. उत्तर आले, हा स्टीफन्साय आहे. आफ्रिकेच्या सुधारित तक्त्यात त्याला जागा मिळाली ती २०२० साली.

ही गोष्ट डीएनए तंत्राच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. पण तिचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. इथिओपियातल्या त्या डासाचा डीएनए ज्या नोंदीशी जुळला, त्या नोंदीवर 'स्टीफन्साय' हे नाव आले कुठून? यंत्राने ते दिले नव्हते.

या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ साली ग्लेन लिस्टन यांनी केले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले हे डॉक्टर तेव्हा एलिचपूरला होते. एलिचपूर म्हणजे आपले अचलपूर, जिल्हा अमरावती. तिथल्या ॲनॉफिलिस डासांच्या सवयींचा वर्षभराचा अनुभव त्यांनी त्याच साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिला. वऱ्हाडातल्या एका गावात एक माणूस वर्षभर डासांकडे लक्ष देऊन बसला. पुढे शंभर वर्षे इतर लोक त्या वर्णनाशी ताडून डास ओळखत राहिले, नमुने टाचणीला लावून ठेवत राहिले. त्या ओळखलेल्या डासांचे डीएनए वाचले गेले, तेव्हा कुठे इथिओपियातल्या डासाला जुळायला काहीतरी मिळाले. यंत्राने सांगितले, 'हा त्याच्यासारखा आहे.' 'तो' कोण, हे माणसांनी आधीच ठरवून ठेवले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे. डीएनए वाचून दोन जीव वेगळे आहेत हे झटपट कळते. पण वेगळेपण कळणे आणि ओळख पटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी यंत्र पुरते, दुसरीसाठी जीव जाणणारा माणूस लागतो. आज जगभर पहिलीवर पैसा येतो आहे आणि दुसरी वाऱ्यावर सोडली जाते आहे. याचा हिशेब आपल्यासारख्या देशांना जास्त चुकवावा लागेल.

आधी हे तंत्र काय आहे ते थोडक्यात पाहू. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हिबर्ट यांनी २००३ साली एक साधी कल्पना मांडली. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर जसा काळ्या पट्ट्यांचा बारकोड असतो, तसा प्राण्याच्या पेशीतही शोधता येईल. पेशीत ऊर्जा तयार करणारा मायटोकाँड्रिया नावाचा भाग असतो आणि त्याला स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा एक तुकडा हिबर्ट यांनी निवडला. लांबी साधारण ६५८ अक्षरे. अक्षरे चारच, ए, सी, जी आणि टी. एकाच प्रजातीच्या प्राण्यांत हा तुकडा जवळजवळ सारखा असतो, निराळ्या प्रजातींत त्यात फरक पडतो. किड्याचा एक पाय घ्यायचा, त्यातून हा तुकडा काढायचा, त्याच्या प्रती वाढवायच्या, वाचायचा आणि जुन्या नोंदींशी ताडायचा. आता तर तळहातावर मावणारी वाचनयंत्रे आली आहेत.

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांसाठी हे तंत्र मोठेच वरदान आहे. वाघ ओळखायला डीएनए लागत नाही. पण दोन मिलिमीटरची गांधीलमाशी, चिखलातली अळी, समुद्राच्या पाण्यात तरंगणारे खेकड्याचे पिल्लू? किड्यांच्या सुमारे दहा लाख प्रजातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि निनावी राहिलेल्या त्याहून कितीतरी जास्त असाव्यात. पुष्कळ किड्यांत नर आणि मादी एकमेकांसारखे दिसत नाहीत, अळी आणि पाखरू तर मुळीच नाही. डीएनए मात्र अळीचाही तोच आणि पाखराचाही तोच. शेतकऱ्याच्या मक्यावर पडलेली अळी कोणती, हे ती मोठी होण्याची वाट न पाहता सांगता येते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात पहिल्यांदा सापडली, तेव्हा तिची खात्री करायला शरीराच्या खुणांबरोबर हा बारकोडही कामी आला.

या तंत्राचे सर्वांत गाजलेले उदाहरण मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचे. तिथे १७७५ सालापासून एकच समजले गेलेले एक फुलपाखरू होते, अस्ट्राप्टेस फुल्गरेटर. अंगावर निळी झळाळी असलेले, ठिकठिकाणी दिसणारे, काही विशेष नाही असे वाटणारे. डॅनियल जँझेन आणि विनी हॉलवॉक्स हे शास्त्रज्ञ दांपत्य तिथल्या ग्वानाकास्ते अभयारण्यात १९७८ पासून अळ्या गोळा करून वाढवत होते. २००४ साली हिबर्ट यांच्यासोबत त्यांनी जाहीर केले की हे एक फुलपाखरू नाही, निदान दहा आहेत.

जगभर बातमी झाली, 'डीएनएने एकाची दहा केली.' पण मूळ काम वाचले तर वेगळे चित्र दिसते. ती फुलपाखरे मोठेपणी सारखी दिसत होती हे खरे. त्यांच्या अळ्या मात्र बहुतेक निरनिराळ्या होत्या, आणि निरनिराळ्या झाडांवर जगत होत्या. हे पंचवीस वर्षांच्या नोंदींतून माहीत झाले होते. कोणती अळी कोणत्या झाडावर सापडली, तिच्या अंगावर पट्टे होते की ठिपके, तिच्यातून काय बाहेर पडले, हे सगळे लिहून ठेवले होते. लिहिणाऱ्यांत आसपासच्या गावांतली, विद्यापीठाचे तोंड न पाहिलेली, पण प्रशिक्षण आणि पगार मिळालेली माणसे होती. डीएनएने त्या नोंदींवर शिक्का मारला. नोंदीच नसत्या तर दहा गट दिसले असते आणि ते कशाचे आहेत हे कळले नसते.

त्या दहा गटांना तात्पुरती नावे दिली गेली तीही गंमतीची. सेल्टिस झाडावरचा तो 'सेल्ट', ट्रायगोनियावरचा तो 'ट्रायगो', सेन्नावरच्या पिवळ्या अळीचा तो 'येसेन'. मराठी मुसलमानांना ही पद्धत अगदी ओळखीची वाटेल. आपल्याकडे आडनावे पडली ती अशीच. फळे-भाजी विकणारे बागवान, अत्तरे विकणारे आत्तार, बांगड्या भरणारे मणियार, विड्याची पाने विकणारे तांबोळी, कापूस पिंजणारे पिंजारी. गावात जाऊन 'महेबूब शेख कुठे राहतात?' विचारा. समोरचा उलट विचारतो, 'कोणता महेबूब? गिरणीवाला की शिंपी?' परक्याला सगळे शेख सारखेच. गाव मात्र माणसाला त्याच्या कामावरून, आळीवरून, सवयीवरून ओळखते. आधार क्रमांक दोन महेबूबांना वेगळे करतो यात शंका नाही. पण क्रमांक पाठ करून कोणाला कोणी ओळखत नाही.

दहाचा आकडाही वादातून सुटला नाही. अँड्र्यू ब्राउअर या फुलपाखरांच्या अभ्यासकाने २००६ साली तीच माहिती पुन्हा तपासली आणि म्हटले की पुरावा निदान तीन आणि फार तर सात गटांना आधार देतो, दहांना नाही. तोच डीएनए, तीच अक्षरे, पण मोजणारा बदलला की आकडा बदलला. पुढे २०१० साली याच ब्राउअर यांनी त्या दहांना रीतसर नावे देऊन टाकली, केवळ डीएनएच्या आधारावर, आणि आपण एक वाईट पायंडा पाडतो आहोत हे लेखाच्या शीर्षकातच लिहून ठेवले. त्यातला टोमणा कळला नाही असा अभ्यासक विरळाच.

पायंडा पडायचा तो पडलाच. २०२१ साली मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एका दमात जाहीर केल्या. या माश्या दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांत अंडी घालतात, म्हणून शेतीच्या दृष्टीने मोलाच्या. पूर्वी एका प्रजातीचे वर्णन म्हणजे पानभर मजकूर असे. डोके कसे, पंखांच्या शिरा कशा, जवळच्या प्रजातीपासून फरक कोणता. इथे बहुतेक प्रजातींना एक बारकोड, एक फोटो आणि माहीत असेल तर यजमान अळीचे नाव, एवढेच.

शार्की यांची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. ते म्हणतात, जंगले डोळ्यांदेखत संपत आहेत. जुन्या पद्धतीने गेलो तर या माश्यांची नावे ठेवून होण्याआधी माश्याच उरणार नाहीत. काहीच नोंद नसण्यापेक्षा त्रोटक नोंद बरी. या युक्तिवादातली तळमळ खरी आहे, आणि ४०३ पैकी २१९ प्रजातींच्या यजमान अळ्यांची माहिती त्यांनी दिली हेही खरे. तीही पुन्हा त्याच जँझेन यांच्या अळ्या वाढवण्याच्या कामातून आलेली.

तरीही मला विरोधकांची बाजू पटते. बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातले रुडोल्फ मायर आणि सहकाऱ्यांनी शार्की यांचीच माहिती घेऊन पुन्हा हिशेब केला. निरनिराळ्या गणिती पद्धती लावल्या की गट निरनिराळे पडतात, असे त्यांनी दाखवले. शिवाय नवे नमुने येत गेले की संगणकाने पाडलेले गट पुन्हा फुटतात किंवा मिसळतात. म्हणजे आज ज्याला नाव दिले तो उद्या दोन होईल किंवा शेजाऱ्यात विरघळेल. संगणकाला त्याचे काही नाही, तो नवा क्रमांक देईल. नाव मात्र कायम राहते. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम असे आहेत की एकदा रीतसर छापलेले नाव पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला विचारात घ्यावेच लागते. म्हणून क्रमांक देण्याची घाई चालेल, नाव देण्याची चालणार नाही.

दुसरी अडचण आपल्यासारख्यांची. ज्या प्रजातीची ओळख फक्त ६५८ अक्षरांत आहे, ती ओळखायला प्रत्येक वेळी प्रयोगशाळा लागणार. उघड्या डोळ्याने, भिंगाने, गावातल्या कृषी सहायकाने ती कधीच ओळखायची नाही? ज्ञान असे बांधले की ते पैसेवाल्यांच्या हातातच राहते. आपल्याकडच्या हजारो किड्यांचे मूळ नमुने इंग्रजी अमदानीत लंडनच्या संग्रहालयात जाऊन पडले. ते पाहायला जाणे इथल्या अभ्यासकाला आजही सोपे नाही. आता वर्णनच नसेल तर नुसत्या नमुन्यासाठीच नव्हे, ओळखीसाठीही दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागेल.

तिसरी गोष्ट शास्त्रातलीच आहे. हा एक तुकडा सगळीकडे चालत नाही. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींत कधीकाळी संकर झाला असेल, तर एकीचा तुकडा दुसरीत राहून जातो. आफ्रिकेतले मलेरियाचे दोन मुख्य डास, गॅम्बिए आणि अरेबिएन्सिस, याच कारणाने सीओआयवरून भरवशाने वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातला डीएनए पाहावा लागतो. किड्यांच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया नावाचा जिवाणू असाच घोळ घालतो. पोवळ्यांत तर हा तुकडा इतका सावकाश बदलतो की निराळ्या प्रजातींतही तो सारखाच निघतो.

आता घराजवळ येऊ. आपल्या ग्रामीण भागातला मलेरियाचा मुख्य डास ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. पाहायला एकच, पण त्यात पाच जुळी भावंडे आहेत, ए, बी, सी, डी आणि ई अशी. ही फोड डीएनए वाचून सुरू झाली नव्हती. १९८० च्या सुमारास अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली डासांच्या गुणसूत्रांवरचे पट्टे पाहून ती सुरू केली आणि दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या सरला सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी पुढे नेली. डीएनए चाचण्या नंतर आल्या. या पाचांतला 'बी' भारतात बहुतेक ठिकाणी मलेरिया क्वचितच पसरवतो. म्हणजे एखाद्या तालुक्यात 'बी'च जास्त असेल, तर नुसते क्युलिसिफेसिस मोजून औषध फवारणे हा पैसा पाण्यात घालणे ठरू शकते. कोण कोणत्या औषधाला दाद देत नाही, कोण गोठ्यात बसतो, कोण माणसाला चावतो, ही माहिती जिवंत डासामागे रात्र जागवून मिळते. नंतर तिला डीएनएची जोड मिळाली की ती पंचवीस जिल्ह्यांत वापरता येते. दोन्ही लागते, आणि क्रम असाच लागतो.

म्हणून मला यंत्राविरुद्ध काही म्हणायचे नाही. यंत्रे यावीत, विद्यापीठांत यावीत, कृषी महाविद्यालयांतही यावीत. पण त्यांच्यासोबत काही गोष्टी अटीसारख्या याव्यात.

एक, ज्याचा डीएनए वाचला तो किडा जपून ठेवलाच पाहिजे. कपाटात, टाचणीला, गावाच्या नावासह आणि तारखेसह. नमुना नसलेली नोंद म्हणजे आरोपी नसलेला पंचनामा. उद्या कोणी म्हटले की नाव चुकले आहे, तर पाहायचे कशाकडे? सार्वजनिक नोंदींत चुकीच्या नावाने चढलेले डीएनए आहेत ही उघड गोष्ट आहे, आणि एक चूक पुढच्या शंभर जुळवण्यांत उतरते.

दोन, नाव येईपर्यंत क्रमांकावर भागवायला हरकत नाही. 'ग्वानाकास्तेची अमुक क्रमांकाची माशी' एवढ्यावर संरक्षणाचे काम चालू शकते. जंगल वाचवायला लॅटिन नाव लागत नाही.

तीन, पगार द्यायचा तो माणसांना द्या. किडे ओळखणाऱ्या माणसांची टंचाई हा जागतिक प्रश्न आहे. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यावर स्वतंत्र कार्यक्रम आहे. कोस्टा रिकाने त्यावर काढलेला उपाय आपल्याला सहज जमण्यासारखा आहे. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यात वनस्पती आणि पक्ष्यांबरोबर किड्यांचे पान नीट भरले जावे. ते भरणाऱ्या गावातल्या मुलामुलींना प्रशिक्षण आणि मानधन मिळावे. कोणती अळी कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, एवढी नोंद दहावी शिकलेली मुलगी उत्तम करू शकते. वाचनयंत्राला काय विचारायचे ते तिच्या वहीतून ठरेल.

आपल्या घरात मुलगा प्राणिशास्त्र घेतो म्हणाला की लगेच प्रश्न येतो, 'किडे मोजून पोट भरणार का?' प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरकारने पदे भरून द्यायचे आहे. पण ज्याला आपण किडे मोजणे म्हणतो, ते काम एलिचपुरात कोणीतरी मन लावून केले होते. म्हणून एकशे पंधरा वर्षांनी इथिओपियातल्या एका गावाला आपल्या दारात काय येऊन बसले आहे हे कळले. आज आपल्या टाक्यांवर, कपाशीवर, मक्यावर जे बसते आहे त्याच्याकडे कोण पाहतो आहे? यंत्र विकत मिळते. पाहणारा माणूस घडवायला एक पिढी लागते, आणि ते काम आजवर रखडले आहे.